शेजाऱ्याचे ऋण

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांची जुनी दप्तरे जपून ठेवलेली आहेत. मॉरिशसमधील अनेक कुटुंबांनी तेथे जाऊन आपल्या खापरपणजोबांचा शोध घेतला आहे. नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरील खूण, जहाज आणि क्रमांक एवढी नोंद हाती पडली, की वंशजांचे डोळे पाणावतात. परंतु त्या दप्तरांत एक गोष्ट कोठेही लिहिलेली नाही. मळ्यावरील पहिल्या रात्री त्या क्रमांकाच्या माणसाला मूठभर तांदूळ कोणी दिले, तो तापाने फणफणला असता उशाशी कोण बसले, पुढे त्याच्या लेकीच्या लग्नात मांडव कोणी घातला, याची नोंद सरकारने ठेवली नाही. ती लोकांनी आपापल्या मनात ठेवली. या बेटावर मराठी समाज टिकून राहिला, त्यात त्या न लिहिलेल्या नोंदीचा वाटा फार मोठा आहे.

दिनांक २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. पुढील सुमारे ८० ते ९० वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे भारतातून येथे आली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरी, सातारा या भागांतील मराठी माणसेही होती. आज जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढून त्यांतील कित्येकजण या भूमीवर आले. गावी असताना माणसाला शेजारी निवडावा लागत नसे. भाऊबंद, सोयरे, बलुतेदार, देवळाचा गुरव ही सर्व माणसे जन्माबरोबरच मिळत. येथे उसाच्या मळ्यावरील चाळीत मात्र एका भिंतीपलीकडे भोजपुरी बोलणारे कुटुंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे तेलुगू किंवा तमिळ बोलणारे कुटुंब, आणि जवळच गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांची क्रेओल वस्ती, अशी मांडणी असे. नाते रक्ताचे नव्हते. ते रोजच्या व्यवहारातून घडवावे लागले. एका जहाजातून आलेले ते जहाजी भाऊ, एका मळ्यावर राबणारे ते सोबती, आणि एका पाणवठ्यावर भेटणाऱ्या त्या बहिणी ठरल्या.

ही नाती कशी घडली, हे समजून घ्यावयाचे असेल तर गावोगावच्या चिनी दुकानाकडे पाहावे. मळ्याजवळच्या प्रत्येक वस्तीत असे एखादे ‘लाबुतिक’ असे. तेथे तेल पावशेराने मिळे, खारवलेला मासा तुकड्याने मिळे, आणि सर्व काही ‘कार्ने’वर मिळे. कार्ने म्हणजे उधारीची वही. ऊसतोडणीचा हंगाम संपला, ‘लांत्रकूप’ म्हणजे मधले रिकामे महिने सुरू झाले, की मजुराच्या हाती पैसा नसे. परंतु चूल पेटवावीच लागे. दुकानदार वहीत आकडा लिही आणि माल देई. मजुराला बहुधा वाचता येत नसे, दुकानदाराकडे तारण म्हणून काही नसे. दोघांमध्ये होता तो केवळ परिचय. हा माणूस हंगामात कामावर जातो, याच्या घरी आजारपण आहे, याचा शब्द खरा असतो, एवढे दुकानदाराला ठाऊक असे. त्यासाठी कित्येक चिनी दुकानदार केवळ क्रेओलच नव्हे, तर भोजपुरीही सफाईने बोलावयास शिकले. व्यापार हे कारण होते खरे. पण ज्याची भाषा शिकावी, त्याच्या घरचे सुखदुःखही हळूहळू कळू लागते.

कार्नेचा एक गुण विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. हंगाम आला की गिऱ्हाईक जुने देणे चुकते करी. परंतु ते चुकते होताच त्याच पानाखाली नवी उधारी मांडली जाई. वही कधी बंद होत नसे. ती बंद झाली तर संबंध संपला असेच दोघेही मानीत. देणे राहणे ही तेथे लाजेची गोष्ट नव्हती. देणे नाकारणे ही होती.

घरोघरच्या ताटांचाही हिशेब असाच चाले. दिवाळीला रताळ्याचे ‘गातो पाताट’ ताटात मांडून, वर रुमाल झाकून मुलांच्या हाती शेजारी धाडावयाचे, हा रिवाज या बेटावर आजही पुष्कळ घरी पाळला जातो. ईदेला मुसलमान शेजाऱ्याकडून बिर्याणी येते किंवा शेवया येतात. चिनी नववर्षाला चिकट गोड ‘गातो लासीर’ येतो. गणेशचतुर्थीचे मोदक ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी जातात. आलेले ताट रिकामे परत करावयाचे नाही, हा शिष्टाचार जुन्या पिढीने कटाक्षाने पाळला. काही नाही तर चार मिरच्या, एखादी पपई, परसातील शेवग्याचा पाला तरी त्यात घालावयाचा. या रिवाजामागील शहाणपण मोठे आहे. रिकामे परत आलेले ताट व्यवहार पुरा करते. भरून परत आलेले ताट पुन्हा पहिल्या घरावर ऋण ठेवते. असे ताट चाळीस चाळीस वर्षे दोन घरांमध्ये येरझारा घालीत राहते, आणि अखेर ते मूळचे कोणाच्या घरचे, हेही कोणाला सांगता येत नाही.

कामाच्या ठिकाणीही हाच न्याय होता. सन १९१३ मध्ये मॉरिशसमध्ये सहकारी पतपेढ्यांची चळवळ सुरू झाली. लहान ऊस-बागायतदारांनी एकत्र यावे आणि एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी अमर्याद स्वरूपात स्वीकारावी, हे तिचे आरंभीचे तत्त्व होते. एकाने कर्ज बुडविले तर त्याचा भार इतरांवर पडे. अशा संस्थेत सभासद घेताना शेजाऱ्याची पारख अक्षरशः पैशांत मोजली जाई. कोण पहाटे उठतो, कोणाचे पीक स्वच्छ असते, कोण दारूच्या दुकानाशी फार रेंगाळतो, हे सर्व ठाऊक असल्यावाचून सही कोण करील? पुढे १९७० च्या कायद्याने निर्यात कारखाने निघाले, आणि सर्व जातिधर्मांच्या स्त्रिया शिवणयंत्रांपाशी शेजारी शेजारी बसू लागल्या. मधल्या सुट्टीत डबे उघडले, लोणची इकडून तिकडे गेली, आणि मराठी मुलीच्या हळदीला क्रेओल मैत्रिणी भाजी चिरावयास येऊ लागल्या.

या न संपणाऱ्या हिशेबाची खरी किंमत संकटात कळली. सन १९६० च्या फेब्रुवारीअखेरीस ‘कॅरोल’ नावाचे चक्रीवादळ बेटावर आदळले. वाऱ्याचे झोत ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाने आले, आणि पत्र्याची व गवताने शाकारलेली हजारो घरे भुईसपाट झाली. ज्याचे घर दगडी, त्याच्या घरात शेजारची कुटुंबे शिरली; ज्याचे भांडे शाबूत, त्याच्या भांड्यात साऱ्यांचा भात शिजला. त्या रात्री दार उघडताना कोणी कोणाचा धर्म विचारला नाही, असे आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली माणसे अजूनही गावोगाव भेटतात. याउलट १९६८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याला जेमतेम दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईमध्ये दंगल उसळली. पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहिलेली क्रेओल व मुसलमान कुटुंबे भीतीने आपापली घरे सोडून निघून गेली. शेजार एकदा मोडला की काय होते, याचा धडा या छोट्या देशाने स्वतःच्या राजधानीत घेतलेला आहे. म्हणून येथे शेजारधर्म हा केवळ सौजन्याचा विषय नाही. तो सुरक्षिततेचा विषय आहे.

सांप्रत दिवस पालटले आहेत, आणि पुष्कळ अंशी ते चांगल्यासाठीच पालटले आहेत. मजुरांची पणतवंडे शिक्षक, परिचारिका, वकील आणि बँकेतील अधिकारी झाली. वाक्वा, कात्र बोर्न, कास्कावेल या भागांत पक्की घरे उठली. परंतु घराबरोबर भिंतही उंच झाली. पूर्वी दोन परसांमध्ये वेळूचे किंवा झुडपांचे कुंपण असे. त्यावर चढलेल्या ‘शुशू’च्या वेलाचे फळ ज्याच्या बाजूला लोंबे त्याने तोडावे, असा अलिखित करार होता. आता त्या जागी सिमेंटची भिंत आणि लोखंडी फाटक आहे. सामान मोठ्या बाजारातून येते आणि पैसे तेथल्या तेथे चुकते होतात. लग्नाच्या ‘सात करी’ केळीच्या पानावर वाढल्या जातात खऱ्या, पण भाजी चिरावयास आदल्या रात्री शेजार जमत नाही. स्वयंपाक मजुरीने होतो. कोणाचे कोणाला काही देणे उरत नाही. ही स्वावलंबनाची स्थिती पूर्वजांना स्वर्गासमान वाटली असती. तिचे मोल मात्र उतारवयात द्यावे लागते. मुले फ्रान्समध्ये, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात आहेत; घरात वृद्ध मातापिता दोघेच, कधी एकटेच. दूरध्वनीवर रोज बोलणे होते. पण रात्री छातीत कळ आली तर फाटक ओलांडून येणारे कोणी हवे. चाळीस वर्षांत ज्याने शेजाऱ्याकडे कधी वाटीभर साखर मागितली नाही, त्याला मध्यरात्री हाक मारावयाचा संकोच वाटतो.

सन २०२० च्या मार्चअखेर महासाथीमुळे देशातील दुकाने काही दिवस सर्वस्वी बंद झाली. पुढे ती उघडली तेव्हाही आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे दिवस नेमून दिलेले होते. त्या दिवसांत उंच भिंतींवरूनही हात पुढे आले. कोणाकडे पीठ होते पण भाजी नव्हती. कोणाच्या परसात शुशू आणि ‘ब्रेद’ची पाने भरपूर, पण दूध नव्हते. भिंतीवर ठेवलेल्या टोपल्या पुन्हा एकदा भरून जाऊ-येऊ लागल्या. त्याच वर्षी २५ जुलै रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावर पोवळ्यांच्या खडकावर चढले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातील तेल समुद्रात पसरू लागले. तेव्हा माहेबूर्गच्या किनाऱ्यावर शेकडो स्त्रीपुरुष बसून कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचे पाचट भरीत होते आणि तेल अडविण्यासाठी त्यांचे तरंगते बांध करीत होते. ज्या उसासाठी पूर्वजांना समुद्र ओलांडावा लागला, त्याच उसाचे पाचट त्यांच्या वंशजांनी समुद्र वाचविण्यासाठी वापरले. शेजारच्या माणसाचे आडनाव काय, याची तेथे कोणी विचारपूस केली नाही.

या दोन्ही प्रसंगांवरून दिसते की शेजाराची वृत्ती मेलेली नाही. तिला केवळ निमित्त मिळत नाही. पूर्वी निमित्त गरिबी देत असे. आता गरिबी ओसरली, तेव्हा निमित्त हेतुपूर्वक शोधावे लागेल. त्यासाठी मोठ्या संस्थेची गरज नाही. नव्या वस्तीत राहावयास आलेल्या कुटुंबाने पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन आपले नाव सांगावे. मुलांनी वडील माणसांना ‘तोंतों’, ‘तांतीन’ म्हणावे, ही क्रेओल रीत काका-काकू म्हणण्याच्या मराठी रीतीहून वेगळी नाही. कचेरीतील सहकाऱ्याच्या घरी मृत्यू घडला तर केवळ संदेश न पाठविता रात्रीच्या ‘लावेये’ला, म्हणजे मृताजवळच्या जागरणाला, घटकाभर जाऊन बसावे, तेथे बोलावयास काही न सुचले तरी चालते, बसणे हेच बोलणे असते. बाजारात भाजीवालीकडे दर आठवड्याला जाणाऱ्याने तिच्या मुलाची परीक्षा कशी झाली हे विचारावे. ती कोतोमिलीची जुडी पिशवीत वरून टाकील तेव्हा ती नाकारू नये. दुकानदार, टॅक्सीवाला, विमाप्रतिनिधी किंवा वकील यांनीही गिऱ्हाइकाचे नाव आणि त्याने मागील भेटीत सांगितलेली अडचण ध्यानात ठेवावी. जुन्या दुकानदाराचे खरे भांडवल तेच होते.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र देण्याची नाही, मागण्याची आहे. देणारा मोठा ठरतो, म्हणून देणे सोपे वाटते. मागणारा दुसऱ्याला मोठेपणा देतो. शिडी विकत घेण्याची ऐपत असूनही ती शेजाऱ्याकडून उसनी आणावी. वेळेवर, धुऊन पुसून परत करावी. आणि परत करताना झाडावरचे दोन आंबे बरोबर न्यावेत. त्यात कमीपणा नाही. त्या शिडीबरोबर शेजाऱ्यालाही काही मागण्याचा अधिकार मिळतो, आणि पुढे कधी मध्यरात्री हाक मारावी लागली तर ती परक्याला मारलेली हाक राहत नाही.

मराठी समाज या देशात संख्येने लहान आहे. त्याचे गणपती विसर्जनाला निघतात तेव्हा वाटेवरच्या दारांत उभे राहून हात जोडणारे बहुतेकजण मराठी नसतात. इंग्रजी वा फ्रेंच कागदांत या गोष्टीची नोंद होत नाही. तरीही पूर्वजांनी जी वही उघडून ठेवली, तिचे पान या पिढीच्या हाती आलेले आहे. येत्या दिवाळीस प्रत्येक घरातून एक ताट अशा एखाद्या दारी जावे, जेथे ते आजवर कधी गेले नाही. ते भरून परत येईल, अशी या बेटाची रीत आहे; आणि न आले, तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावे.