प्रिन्स, मामा आणि पाच वेळा शिफ्ट

दिवाळीत घरी गेल्यावर तुम्ही काय करता? फराळ, फोटो, झोप? मी या वेळी तुमसरला मामांकडे चक्क डॉसचा गेम चालू करत बसले. चांगला घाम फुटला, सांगते!

2001 मध्ये एमएस-सीआयटी आली आणि गावोगावी कम्प्युटर क्लास निघाले. मामांचाही होता. भंडारा जिल्ह्यात भारनियमन पाचवीला पुजलेलं. लाइट गेली की बॅच घरी, आली की आम्ही भाचरं हजर. वर्ड-एक्सेल गेलं उडत, आम्हाला हवा असायचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, बस्स. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन पोराने स्वतःच्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून प्रिन्सची चाल उतरवली. डॉसवर तो 1990 मध्ये आला. आजही बघा, काय पळतो!

क्लास कधीच बंद झाला. दोन वर्षांपूर्वी मामांना लकव्याचा झटका आला. उजवा हात हलतो, पण उशिरा. बोटांना काम द्या, असं डॉक्टर सांगतात आणि मामा तो रबरी बॉल भिरकावून देतात. ‘‘मी काय लहान पोरगा आहो का?’’ म्हटलं, चला, प्रिन्सलाच बोलावू.

जुन्या सीडीवरचं फोल्डर पेनड्राइव्हवर आणलं, डबल क्लिक केलं आणि विंडोजने हात वर केले. 64-बिट विंडोजवर 16-बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. यावर उतारा म्हणजे डॉसबॉक्स. 2002 पासून फुकट मिळतं; तुमच्या लॅपटॉपच्या आत एक जुना पीसीच उभा करतं. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ फोल्डर करा, त्यात ‘प्रिन्स’ ठेवा. नावं इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत, स्पेस न देता. मग काळ्या स्क्रीनवर इंग्रजीतच टाइप करा: माउंट सी सी:\गेम्स. एंटर. सी: एंटर. सीडी प्रिन्स. एंटर. प्रिन्स. मी पहिली ओळ विसरले आणि अर्धा तास कपाळ बडवत होते. माउस गायब झाला तर घाबरू नका, कंट्रोल-एफ10 दाबा, सुटतो.

मामा बसले. पहिल्याच खड्ड्यात प्रिन्स खाली! दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. बोट पोचेपर्यंत उडीची वेळ निघून जायची. मी गुपचूप कंट्रोल-एफ11 दाबत गेले. त्याने गेम मंदावतो. (एफ12 ने पुन्हा वेग वाढतो.) सहाव्या वेळी मामा पलीकडे! चेहरा बघायला हवा होता.

मग तलवारबाजी. वार करायचा शिफ्टने. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज मध्येच स्टिकी कीजची चौकट आणतं आणि तोवर पहारेकरी आपल्याला आडवा करतो. मामांनी चष्मा वर करून विचारलं, ‘‘हे का होय?’’

‘‘ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत ना, त्यांच्यासाठी सोय आहे.’’

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘बंद कर. मी दाबतो.’’

सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड. बंद केलं.

पहिली लेव्हल संपली आणि आला तो बाटल्यांचा हॉल. गेमच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, तमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर असेल ती प्यायची. चोरून कॉपी करणाऱ्यांना अडवायचा फंडा! आमच्याकडे कुठली पुस्तिका? क्लासमधल्या पोरांनी एकेक बाटली पिऊन, मरून मरून अक्षरं शोधलेली आणि मामांनी वहीत उतरवलेली. ती वही कुठाय?

मामींनी स्वयंपाकघरातून आणली. मागून दुधाचा हिशोब, पुढून प्रिन्स! मामांचं तेव्हाचं अक्षर काय मोत्यासारखं होतं. आम्हाला हवी होती ती ओळ मात्र दुधाच्या डागाखाली गेलेली. मामांनी डोळे मिटले, एक अक्षर सांगितलं. बरोबर निघालं.

परतताना गाडी नागपूरला पोचली नसेल तोच फोन. ‘‘तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा मरतच नाही, बावा!’’

‘‘तलवारीने नाही मरत तो, मामा. मागे रेटत न्या आणि कडेवरून खाली पाडा.’’

‘‘थांब, मामीला वही आणायला सांगतो,’’ म्हणाले आणि फोन ठेवून दिला.