सोयाबीन: पाऊस किती, त्याहून कधी

मराठवाड्यातलं सोयाबीन साधारण 100 दिवसांचं पीक. पेरणीनंतर सव्वा-दीड महिन्यात ते फुलोऱ्यावर येतं, मग शेंगा भरतात. नेमका तेव्हा पावसाचा खंड पडला की फुलं गळतात, दाणा बारीक राहतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि तो आला बरोबर याच टप्प्यावर. नंतरच्या पावसाने शिवार हिरवं दिसतं खरं, पण उतारा पूर्ण भरून निघत नाही.

अतिवृष्टीचं नुकसान अधिक फसवं. भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा लवकर होत नाही. मुळांना हवा मिळत नाही, त्यांच्यावरच्या गाठींतले नत्र स्थिर करणारे जिवाणू मंदावतात आणि पाण्यात उभं पीक पिवळं पडतं. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला, तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. 2019 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राने हे पाहिलं. रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली की सरीतून जादा पाणी निघून जातं, खंडात ओलही थोडी जास्त टिकते. कापणी करून रानात पडलेल्या सोयाबीनला मात्र या सरीचा उपयोग नाही. तिथे ताडपत्रीच लागते.