घरच्या वायरिंगकडून कारखान्याच्या यंत्राकडे

पंखे, गीझर, पाण्याचा पंप दुरुस्त करणाऱ्या वायरमनला कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात काम मिळू शकते का? जरूर मिळू शकते. मात्र त्यासाठी कामाच्या काही जुन्या सवयी मोडाव्या लागतात आणि हा निर्णय घरातल्यांनी मिळून घ्यावा लागतो.

दिल्लीच्या चांदणी चौकातील भगीरथ पॅलेस म्हणजे विजेच्या सामानाची प्रसिद्ध घाऊक बाजारपेठ. एके काळी येथे बेगम समरूची हवेली होती. आज त्या परिसरात वायरची बंडले, स्विच, होल्डर आणि झुंबरे यांनी दुकाने गच्च भरलेली असतात. दुकाने उघडली की खांद्यावर पिशवी अडकवलेले वायरमन येतात, सामान घेतात आणि करोलबाग, लक्ष्मीनगर, द्वारका अशा वस्त्यांकडे निघतात. कुणाचा गीझर बंद पडलेला असतो, तर कुणाच्या नव्या फ्लॅटचे वायरिंग करायचे असते.

कला हातात असते, पण कमाई ठरलेली नसते. उन्हाळ्यात कूलर आणि एसीच्या कामांमुळे जेवायला फुरसत मिळत नाही. दिवाळीच्या आधी रोषणाईची कामे येतात. मधल्या काळात मात्र फोन कधी वाजतो याची वाट पाहावी लागते. ताप आला, पाय मुरगळला, की त्या दिवसाची कमाई बुडाली. मुलांची फी आणि घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते. अशा वेळी बायकोने, ‘एखाद्या कंपनीत का पाहत नाही?’ असे विचारले तर त्यात नवल काय?

दिल्लीच्या आसपास कारखान्यांना तोटा नाही. दक्षिणेला ओखला आणि फरीदाबाद, पूर्वेला साहिबाबाद आणि १९७६ साली वसवायला सुरुवात झालेले नोएडा, नैर्ऋत्येला गुडगाव आणि मानेसर. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती मोटार बाहेर पडली. त्यानंतर सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची या भागात रांगच लागली. जेथे यंत्र आहे तेथे ते बंद पडणार आणि ते सुरू करणारा माणूसही लागणार.

घर वेगळे, कारखाना वेगळा

घरात सिंगल फेजची, २३० व्होल्टची वीज येते. कारखान्यात थ्री फेजची वीज असते आणि दोन फेजमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट असतात. पण खरा फरक व्होल्टचा नाही. घरात बटण दाबले की दिवा लागतो. कारखान्यात बटण दाबल्यावर आधी कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि मग मोटर फिरते. मध्ये ओव्हरलोड रिले, टायमर, लिमिट स्विच आणि सेन्सर असतात. यांतील एकानेही ‘नाही’ म्हटले तर यंत्र जागचे हलत नाही. आता तर अनेक यंत्रांचा कारभार पीएलसी नावाच्या छोट्या संगणकाकडे असतो आणि मोटरचा वेग ड्राइव्ह ठरवतो.

म्हणून पहिली गोष्ट शिकायची ती कंट्रोल सर्किटचा नकाशा वाचण्याची. एक जुना कॉन्टॅक्टर, एक ओव्हरलोड रिले, दोन पुश बटणे आणि मोटरच्या जागी एक दिवा एवढ्या सामानात घरीच सरावाचा बोर्ड तयार करता येतो. स्टार्टचे बटण सोडल्यावरही दिवा का चालू राहतो, हे ज्याला कागदावर रेघा काढून समजावता आले त्याने पहिली पायरी ओलांडली. पुढची पायरी म्हणजे मोटर उलटसुलट फिरवण्याची जोडणी आणि स्टार-डेल्टा स्टार्टर. मोठी मोटर थेट सुरू केली तर सुरुवातीला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. स्टारमध्ये सुरू केल्यास लाइनमधून येणारा हा करंट एक तृतीयांशावर येतो, म्हणून ही खटपट.

बदलणे आणि शोधणे

घरगुती कामात बिघडलेली वस्तू बदलली की गिऱ्हाईक खूश होते. कारखान्यात तेवढ्याने भागत नाही. समजा, एका यंत्राची मोटर थांबली आणि ओव्हरलोड रिले पडलेला दिसला. नवखा माणूस रिसेटचे बटण दाबतो. मोटर घरघर करते आणि पुन्हा थांबते. तो पुन्हा बटण दाबतो. तिसऱ्या वेळी जळका वास येतो.

अनुभवी माणूस बटणाला हात लावण्याआधी तिन्ही फेज तपासतो. वीज बंद करून मेगरने वायंडिंग पाहतो. मोटर चालवून पाहण्यासारखी असेल तर टाँग टेस्टर लावून प्रत्येक फेजचा करंट मोजतो. वरच्या उदाहरणात एका फेजचा फ्यूज उडालेला असतो. मोटर दोनच फेजवर ओढत असते आणि त्या दोन फेजमध्ये जादा करंट वाहत असतो. रिले पडला तो मोटर वाचवण्यासाठी! नुसता फ्यूज बदलूनही काम संपत नाही. तो का उडाला? जोड ढिला होता, केबल घासली होती, की बेअरिंग जाम झाले होते? ‘का’ हा प्रश्न जो विचारतो तोच मेंटेनन्सचा माणूस.

दुसरी सवय लिहिण्याची. कुठल्या दिवशी कोणते यंत्र किती वेळ थांबले, काय सापडले, काय बदलले हे लॉगबुकात नोंदवावे लागते. तीन महिन्यांत तेच बेअरिंग दोनदा गेले, हे त्या वहीमुळेच कळते. घरगुती कामे करतानाही अशी वही ठेवायला सुरुवात केली तर मुलाखतीत ती दाखवता येते.

‘चालू लाइनवर करतो’ ही बढाई सोडा

पुष्कळ वायरमनना चालू लाइनवर काम केल्याचा अभिमान वाटतो. लाकडी स्टुलावर उभे राहून, एका हाताने, नुसत्या टेस्टरच्या भरवशावर त्यांनी वर्षे काढलेली असतात. कारखान्यात ही सवय जिवावर बेतू शकते. येथे करंट जास्त असतो. चुकून दोन फेज एकमेकांना भिडले तर क्षणात आगीचा लोळ उठतो.

शिवाय येथे आपण एकटे नसतो. आपण मोटरपाशी वाकलेलो असताना दुसऱ्या टोकाला कुणी स्विच चालू केला तर? यासाठी नियम ठरलेला आहे. वीज बंद करायची, त्या स्विचला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, नावाची पाटी अडकवायची आणि मग मीटर लावून वीज खरोखर गेली आहे का ते पाहायचे. कपॅसिटर आणि ड्राइव्हमध्ये स्विच बंद केल्यावरही काही वेळ वीज साठून राहते, म्हणून थांबायचे. यात पाच-दहा मिनिटे जातात. फोरमन घाई करत असला तरी ती मिनिटे सोडायची नाहीत. संध्याकाळी घरी कुणीतरी वाट पाहत असते.

कागद हवेतच

गल्लीतले गिऱ्हाईक प्रमाणपत्र विचारत नाही, कंपनी विचारते. सर्वांत उपयोगी पडते ते आयटीआयचे इलेक्ट्रिशियन ट्रेडचे प्रमाणपत्र. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्याला दहावी पास असावे लागते. दिल्लीत पुसा येथे आणि निजामुद्दीनजवळ अरब की सराय येथे जुन्या सरकारी आयटीआय आहेत. त्यानंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी केली की अनुभव आणि प्रमाणपत्र दोन्ही मिळतात.

ज्यांना आता दोन वर्षे वर्गात बसणे शक्य नाही, त्यांनी अनुभवी कामगारांसाठी असलेल्या तरतुदींची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आधीचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. पीएलसीसारखा विषय शिकण्यासाठी ओखल्यात राष्ट्रीय लघु उद्योग निगमचे तांत्रिक केंद्र आहे.

वायरमनचा सरकारी परवाना हाही महत्त्वाचा कागद. दिल्लीकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोएडा उत्तर प्रदेशात आहे, तर गुडगाव आणि फरीदाबाद हरियाणात. परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो. तेव्हा कुठे नोकरी करायची ते ठरवून त्या राज्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारणा करावी.

उडी नको, पायऱ्या बऱ्या

हातचे काम एकदम सोडून मोठ्या कारखान्याच्या फाटकावर उभे राहणे शहाणपणाचे नाही. मोटर रिवाइंडिंगचे दुकान, पॅनेल बनवणारे छोटे वर्कशॉप, मोठ्या इमारतीतील पंप, लिफ्ट आणि जनरेटरची देखभाल ही मधली ठिकाणे आहेत. येथे थ्री फेजची सवय होते. तेथून लहान कारखाना आणि मग मोठा, हा मार्ग लांबचा पण भरवशाचा.

सुरुवातीला पगार कमी वाटण्याचा संभव आहे. हिशेब करताना मात्र वर्षाची एकूण कमाई पाहावी, फक्त मे-जून महिन्यांची नव्हे. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयची दवाखान्याची सोय यांचीही किंमत धरावी. नोकरी कंपनीची आहे की ठेकेदाराची, निधीचा क्रमांक मिळणार का, पगाराची पावती मिळणार का, जादा तासांचे पैसे कसे मोजणार, हे रुजू होण्याआधी विचारण्यात संकोच कसला?

नोकरीलाही कायमची हमी नसते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योगांना शहरातील काम बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक कामगारांवर संकट कोसळले. म्हणून हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकू नये आणि जुन्या गिऱ्हाइकांशी संबंधही तोडू नयेत.

राहिली घरची बाजू. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप हवी असते, एका खोलीच्या घरात ती मिळणे अवघड. सणाच्या दिवशी सगळे घरी असतात, तेव्हा कारखाना बंद असल्यामुळेच मेंटेनन्सवाल्याला कामावर जावे लागते. या गोष्टी बायकोमुलांना आधी सांगितल्या तर पुढचे रुसवेफुगवे टळतात. पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज दोघांनी बसून करावी.

हा मार्ग दिल्लीपुरता नाही. भोसरी, चाकण, वाळूज किंवा बुटीबोरी येथल्या वायरमनलाही याच पायऱ्या चढाव्या लागतात. पक्कड आणि टेस्टर धरणाऱ्या हातांना काम नवे नसते. त्या हातांना थोडे थांबायला, मोजायला आणि लिहायला शिकवले, की कारखान्याचे फाटक परके वाटत नाही.