वाळवंटातला वाफसा

जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ काफ्रीन नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीच्याही खाली. उन्हाळ्यात पारा पन्नाशीकडे झुकतो, हिवाळ्यात चार सरी पडल्या तर पडल्या, आणि जमीन खारपड. एकविसावं शतक उजाडताना ऑस्ट्रेलियाच्या जेफ लॉटन यांनी तिथल्या १० एकरांवर पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या घडणीवर बेतलेली टिकाऊ शेती, करायला घेतलं. ही पद्धत बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या त्यांच्याच देशबांधवांनी १९७८ मध्ये पुस्तकातून मांडली होती.

सुरुवात चरांपासून झाली. उताराला आडवे, एका पातळीतले, एकूण दीड किलोमीटर. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खणतात, तसेच. खरी गंमत मात्र चरात काय घातलं त्यात आहे. आसपासच्या शेतांतला एरवी जाळला जाणारा काडीकचरा आणून जवळपास अर्धा मीटर जाडीचं आच्छादन केलं. चराच्या वरच्या अंगाला नत्र धरणारी काटक झाडं लावली, ऊन-वारा अडवायला. खालच्या अंगाला खजूर, अंजीर, डाळिंब, पेरू, तुती.

उघड्या जमिनीतलं पाणी ऊन वर ओढून घेतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आच्छादनाखाली ही ओढ मंदावते, वाफसा टिकतो, कुजणं सुरू होतं. काही महिन्यांत अंजिराला फळ धरलं आणि कचऱ्याखाली अळंबी उगवली. त्या मातीत स्थानिकांनी अळंबी कधी पाहिलीच नव्हती, असं लॉटन सांगतात. मला फळापेक्षा ही अळंबी मोलाची वाटते. फळ काय, भरपूर पाणी पाजूनही काढता येतं.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट मागे पडते. रोपं जगवायला ठिबक होतंच. शिवाय अशा बागेतून फळं-भाजी मिळते, गव्हाची पोती नाहीत.

धान्यासाठी जैसलमेरचं खडीन पाहावं. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी रुजवलेली ही रीत. खडकाळ माळावरून वाहून येणारं पाणी सखल जागी मातीच्या लांबलचक बांधानं अडवायचं. ते जिरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, पुढं एकही पाणी द्यायचं नाही. वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आतबाहेर असताना हे जमतं, कारण एकरभर पिकामागे दहा-पंधरा एकर माळ नुसता पाणी वाहून आणण्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. सरकारी कागदावर तो पडीक दिसतो. तिथं खाण किंवा कुंपण आलं, की खालच्या खडिनाचं पाणी तुटतं.