‘आम्ही’ कोण आणि ‘आपण’ कोण? : तिमोरच्या दावान भाषेंतील सर्वनामें

तिमोर बेटाच्या पश्चिम भागांतील लोक आपल्या भाषेला ‘उआब मेतो’, म्हणजे कोरड्या भूमीची बोली, म्हणतात. बाहेर ती ‘दावान’ या नांवानें ओळखली जाते. मलाय व जावानी ज्या ऑस्ट्रोनेशियन कुळांतील, त्याच कुळांतील ही भाषा. तिच्या सर्वनामांची रचना मराठी श्रोत्यांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

मराठींत ‘तूंच’ यांतील ‘च’ एकटा उभा राहूं शकत नाहीं. त्याला शेजारच्या शब्दाचा आधार लागतो. दावान भाषेंत सर्वनामांचींच अशीं आखूड, आश्रित रूपें आहेत. सुटीं सर्वनामें सात : आउ (मी), हो (तूं), इन (तो, ती, तें), हित (आपण), हाइ (आम्ही), हि (तुम्ही) आणि सिन (ते). परंतु सुटें सर्वनाम असलें तरी क्रियापदाच्या आरंभीं कर्त्याचें चिन्ह पुन्हां यावें लागतें. ‘आह’ म्हणजे खाणें. त्यावरून ‘हो माह’ म्हणजे तूं खातोस, ‘इन नाह’ म्हणजे तो खातो, ‘हित ताह’ म्हणजे आपण खातों. ‘मी’चें चिन्ह म्हणजे घशांत क्षणभर अडलेला श्वास, त्याला मराठी वर्णमालेंत अक्षर नाहीं.

या चिन्हांची वांटणी मात्र समान नाहीं. ‘म’ हें तूं, आम्ही व तुम्ही या तिघांचें. ‘न’ हें तो व ते या दोघांचें. म्हणून नुसत्या ‘माह’वरून कर्ता कळत नाहीं, त्यासाठीं सुटें सर्वनाम हवें. ‘त’ मात्र एकट्या ‘आपण’चेंच. ‘ताह’ म्हटलें कीं ऐकणाराही पंगतीला बसलाच.

कर्माच्या जागीं ‘तो’ व ‘ते’ सोडून हींच सर्वनामें आरंभीं ‘क’ घेऊन क्रियापदामागून येतात : आउचें काउ, होचें को, हितचें कित, हाइचें काइ. ‘आउ लोमी को’ म्हणजे माझें तुझ्यावर प्रेम आहे.

इंग्रजी किंवा डच भाषेंत आम्ही आणि आपण हा भेद नाहीं; मराठींत व तेलुगूंत आहे. हा भेद किती दूर पोंचतो, हें प्रार्थनेंत दिसतें. तिमोरचे बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. ‘आम्हांला क्षमा कर’ असें देवाला सांगतांना ‘काइ’च म्हणावें लागतें, ‘कित’ म्हटल्यास क्षमा मागणारांत देवही मोडेल. डच मजकुरांत एकच शब्द असल्यामुळें, त्यावरून भाषांतर करणाराला प्रत्येक ठिकाणीं हा निर्णय स्वतःच करावा लागतो.

राजकारणानेंही हाच प्रश्न उभा केला आहे. 1859 च्या तहानें डच व पोर्तुगीज सत्तांनीं तिमोर वांटून घेतलें आणि दावान मुलखांतील ओएकुसी पोर्तुगीजांकडे राहिलें. 2002 पासून तें स्वतंत्र पूर्व तिमोरचा भाग आहे. त्याच्या जमिनीवरील सर्व सीमा इंडोनेशियाला लागून आहेत. तेथें याच भाषेच्या रूपाला ‘बैकेनो’ म्हणतात. सीमेपलीकडील सोयऱ्याशीं बोलतांना ‘हित’ म्हणावें कीं ‘हाइ’, हें नकाशा सांगत नाहीं. पण बोलणाराला तें वाक्यागणिक ठरवावें लागतें.