संघाचे नाव आणि संघाचा इतिहास : क्वीन्स विद्यापीठाचा महिला हॉकी संघ

मराठीत नुसते ‘हॉकी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते. बर्फावर खेळल्या जाणाऱ्या खेळासाठी आपल्याला ‘आइस’ हे विशेषण जोडावे लागते. कॅनडात याच्या नेमके उलट घडते. तेथे ‘हॉकी’ म्हणजे बर्फावरचीच. आपल्या ओळखीची हॉकी तेथे ‘फील्ड हॉकी’ ठरते. जे रूप समाज गृहीत धरतो, त्याला विशेषण लागत नाही; जे गृहीत नसते, त्याच्यावर भाषा खूण करते. प्राग संप्रदायातील त्रुबेत्स्कॉय व याकबसन यांनी मांडलेली अचिन्हित आणि चिन्हित रूपांची संकल्पना ती हीच. ‘संघ’ आणि ‘महिला संघ’ ही जोडी याच प्रकारची आहे. तिचा अभ्यास आपण एका विद्यापीठीय संघाच्या इतिहासातून करू.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी किंग्स्टन नावाचे शहर आहे. तेथील क्वीन्स विद्यापीठाची स्थापना १८४१ साली झाली. १८९० च्या दशकात तेथील विद्यार्थिनींनी हॉकीचा संघ उभारला. त्या काळी मुली घोट्यापर्यंत पोहोचणारे लोकरी झगे घालून बर्फावर उतरत. पायांच्या चपळाईला त्यांची अडचण होई खरी, पण ‘पक’ म्हणजे रबराची चकती झग्याच्या घोळात अडवण्याची सोयही होई! या संघाचे नाव होते ‘लव्ह-मी-लिटल्स’. ‘प्रेम थोडे कर, पण दीर्घकाळ कर’ अशा अर्थाची एक जुनी इंग्रजी म्हण आहे, तिचा प्रतिध्वनी या नावात ऐकू येतो. नावात विनोद आहे, लाडिकपणाही आहे. बर्फ, वेग, बळ यांचा मात्र मागमूस नाही. पुरुषांच्या एखाद्या संघाने असे नाव धारण केल्याची कल्पना करून पाहा, म्हणजे त्यातील खूण ध्यानात येईल.

पुढे १९२० च्या दशकात क्वीन्स, टोरांटो आणि मॅकगिल या विद्यापीठांच्या महिला संघांत सामने होऊ लागले. याच काळातील एक घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १९२७ साली क्वीन्सची गोलरक्षक एलिझाबेथ ग्रॅहॅम तलवारबाजीत वापरतात तसा जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर चढवून खेळली. दातांवर झालेले उपचार वाया जाऊ नयेत म्हणून तिने तो घातला, असे सांगतात. हॉकीच्या गोलरक्षकाने मुखवटा वापरल्याची ही पहिली ज्ञात नोंद होय. व्यावसायिक पुरुष हॉकीत क्लिंट बेनेडिक्टने कातडी मुखवटा घातला तो १९३० मध्ये, आणि जाक प्लांतने मुखवटा कायमचा रूढ केला तो १ नोव्हेंबर १९५९ च्या सामन्यापासून. मुखवट्याच्या लोकप्रिय इतिहासाचा नायक प्लांतच आहे, आणि मुखवटा रूढ करण्याचे श्रेय त्याचेच आहे. पण आरंभ त्याच्यापासून होत नाही.

आता ही माहिती मराठीत सांगून पाहा. ‘मुखवटा घालणारा पहिला गोलरक्षक’ असे लिहिले तर ‘घालणारा’ व ‘पहिला’ ही पुल्लिंगी रूपे ग्रॅहॅमला वगळतात. ‘मुखवटा घालणारी पहिली गोलरक्षक’ असे लिहिले तर वाचक समजतो, स्त्रियांमधली पहिली. ती तर सर्वांतच पहिली होती! मराठी क्रमवाचकाला लिंग घेतल्यावाचून गत्यंतर नाही, आणि स्त्रीलिंग घेताच दाव्याचा परीघ आक्रसतो. ‘गोलरक्षकाने मुखवटा वापरल्याची पहिली नोंद’ अशी वळणाची रचना मी वर केली, ती याच कारणाने. पुल्लिंगी रूप सर्वसमावेशक असते, असे व्याकरणाची पुस्तके सांगतात. हे विधान किती तपासून घ्यावे लागते, ते अशा एका वाक्यात कळते.

१९३० नंतर आर्थिक मंदी आणि महायुद्ध यांच्या काळात स्त्रियांची विद्यापीठीय हॉकी ओसरली, ती १९६० नंतर पुन्हा मूळ धरू लागली. संघांच्या नावांत मात्र जुनी खूण उरली होती. टोरांटोचे पुरुष ‘व्हार्सिटी ब्लूज’, तर स्त्रिया दीर्घकाळ ‘लेडी ब्लूज’. अल्बर्टा विद्यापीठात पुरुष ‘गोल्डन बेअर्स’ म्हणजे सोनेरी अस्वले, आणि स्त्रिया ‘पांडाज’. येथे स्त्रीलिंगी प्रत्यय नाही. वाघ-वाघीण अशी जोडी नाही. प्राणीच बदलला आहे, आणि तोही गोंडस. (त्या पांडांनी राष्ट्रीय विजेतेपदांची रांग लावली, हा भाग निराळा.) क्वीन्सने दुसरा मार्ग घेतला. संस्थापकांच्या स्कॉटिश वारशाला अनुसरून आलेले ‘गेल्स’ हे नाव तेथे पुरुष व महिला दोन्ही संघांना सारखेच आहे. आणि भेद सांगायचाच झाला, तर ‘पुरुष हॉकी’ व ‘महिला हॉकी’ असा दोन्ही बाजूंनी सांगितला जातो. माझ्या मते खूण पुसण्यापेक्षा ती दोघांवर करणे अधिक प्रामाणिक आहे.

२०११ च्या मार्चमध्ये प्रांतीय अंतिम फेरीत क्वीन्सची गाठ ग्वेल्फ विद्यापीठाशी पडली. हॉकीचा सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा, म्हणजे ६० मिनिटांचा असतो. त्या रात्री ६० मिनिटांनंतर १-१ अशी बरोबरी होती. एकामागून एक पाच जादा सत्रे झाली. कोंडी फुटली नाही. सहाव्या जादा सत्राच्या आठव्या मिनिटाला मॉर्गन मॅकहॅफीने गोल केला, तेव्हा एकूण खेळ १६७ मिनिटे १४ सेकंद झाला होता. गोलरक्षक मेल डॉड-मायर्स हा सर्व वेळ क्वीन्सच्या गोलजाळ्यापुढे उभी होती. कॅनडाच्या विद्यापीठीय हॉकीतील सर्वांत दीर्घ सामना म्हणून त्याची नोंद झाली. पुरुषांचा एकही सामना तोवर इतका लांबला नव्हता. म्हणून या वाक्यात ‘महिला हॉकीतील सर्वांत दीर्घ सामना’ असे लिहिणे खोटे नसले तरी अपुरे आहे.

स्वयंअध्ययनासाठी : एखाद्या मराठी दैनिकाचे आठवडाभराचे क्रीडापान जमवा. ‘भारतीय संघ’ आणि ‘भारतीय महिला संघ’ हे शब्दप्रयोग कोणत्या मथळ्यांत येतात, आणि ‘पुरुष संघ’ किती वेळा आढळतो, त्याचा तक्ता करा. त्यातील कोणत्याही तीन मथळ्यांतून ‘महिला’ हा शब्द काढून पाहा : कोठे अर्थ संदिग्ध होतो, कोठे मुळीच बदलत नाही, आणि कोठे दावा मोठा होतो, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.