टी-शर्टवरचं चित्र कुणाचं?

रांगोळी, मेंदी, भरतकामाचे नमुने, नाहीतर मुलांच्या वहीत सहज काढलेली माकडं-मांजरं. चित्रात हात चालणाऱ्या जणी आपल्यात खूप आहेत. हल्ली अशी चित्रं टी-शर्टवर छापून विकणारी दुकानं मोबाइलवर निघाली आहेत. ‘आमचं चित्र तिथे चालेल का, आणि पैसे कसे मिळतात?’ असं आम्हाला बऱ्याच जणी विचारतात. म्हणून आज या धंद्याबद्दल बोलू.

याची सुरुवात आपल्याकडची नाही. 2000 साली अमेरिकेत शिकागोमध्ये जेक निकेल आणि जेकब डीहार्ट या दोन तरुणांनी ‘थ्रेडलेस’ नावाचं दुकान काढलं. चित्रकारांनी चित्रं पाठवायची, लोकांनी पसंती द्यायची आणि निवडलेलीच चित्रं छापायची, अशी रीत. पुढे 2006 साली ऑस्ट्रेलियात ‘रेडबबल’ आलं. तिथे कुणीही आपलं चित्र चढवावं, आणि मागणी आली की मगच शर्ट छापावा. आपल्याकडे ‘बेवकूफ’ 2012 च्या सुमारास आणि ‘द सोल्ड स्टोअर’ 2013 साली, दोन्ही मुंबईत सुरू झाले. आता तर एकेक शर्ट छापून थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवणारे छपाईवाले आहेत. त्यामुळे घरात माल भरून ठेवावा लागत नाही.

चित्र विकायचे साधारण तीन मार्ग आहेत. पहिला, एखादा ब्रँड तुमचं चित्र एकरकमी विकत घेतो. दुसरा, चित्र तुमचंच राहतं, दुकान ते वापरतं आणि दर शर्टामागे तुम्हाला ठरलेली रक्कम देतं; हिला रॉयल्टी म्हणतात. तिसरा, दुकान तुमचं, छपाई दुसऱ्याची, नफा-तोटा तुमचा.

तिसऱ्या मार्गात नफा जास्त दिसतो, पण हिशेब करून पाहा. समजण्यासाठी आपण आकडे धरू. शर्ट 600 रुपयांना विकला. कोरा शर्ट आणि छपाई 320, कुरिअर 70, पैसे भरण्याच्या सोयीचा खर्च 20. उरले 190. आता पाचातल्या एका गिऱ्हाइकाने दारात आलेलं पार्सल परत पाठवलं. चार शर्टांचे 760 मिळाले, पण परतीच्या शर्टावर 320 आणि जाण्यायेण्याचे 140, असे 460 गेले. तो शर्ट पुन्हा विकला गेला नाही, तर हाती राहिले 300. म्हणजे विकलेल्या शर्टामागे 190 नव्हे, 75 रुपये! जाहिरातीचा खर्च यात धरलेलाच नाही. म्हणून सुरुवातीला पैसे आगाऊ घेणं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुम्ही चित्र असलेला शर्ट विकताय, की चित्रच विकताय? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्या देशाच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा हक्क, ते काढल्या क्षणी तुमचा होतो. नोंदणीची सक्ती नाही. पुढे वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढंच. हा हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. पण कुणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या चित्राचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्रही साधारणपणे मालकाचं. म्हणून ऑर्डर घेण्याआधीच हक्क कुणाकडे राहणार ते लिहून घ्या.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल, तर कायदा 5 वर्षं धरतो. कुठे वापरायचं ते लिहिलेलं नसेल, तर फक्त भारत धरला जातो. पण करारात ‘कायमचा’ आणि ‘जगभर’ असं लिहिलं असेल, तर या तरतुदीचा आधार उरत नाही. म्हणूनच ‘आय ॲग्री’चं बटण दाबायच्या आधी करारातले चार इंग्रजी शब्द शोधा. ‘असाइनमेंट’ म्हणजे हक्क दिला. ‘लायसन्स’ म्हणजे वापरायची परवानगी दिली, मालकी तुमचीच. ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे ते चित्र दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. ‘परपेच्युअल’ म्हणजे कायमचं. वाचायला जड जात असेल तर शिकलेल्या लेकीला-सुनेला जवळ बसवा आणि विचारा: टी-शर्टसाठीच की कप, पिशव्या, चादरींसाठीही? माझं नाव येईल का? स्पर्धा असेल, तर न निवडलेल्या चित्रांचं काय?

जो न्याय आपल्याला, तोच दुसऱ्याला. सिनेमातली पात्रं, कार्टून, खेळाडूंचे चेहरे परवानगीशिवाय छापू नयेत. मोठी दुकानं त्यासाठी परवाना घेतात. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळालेला आहे. ती डहाणू-जव्हारकडच्या आदिवासी बायाबापड्यांची कला आहे. दुसऱ्याने काढलेलं वारली चित्र उचलून आपल्या नावावर खपवू नका.

थोडं तांत्रिक. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो छपाईला चालत नाही. चित्र स्कॅन करून घ्या. 12 बाय 16 इंचांच्या छपाईला इंचाला 300 ठिपके धरले, तर फाइल 3600 बाय 4800 ठिपक्यांची हवी. मागची पार्श्वभूमी काढलेली पीएनजी फाइल सोयीची. विक्री सुरू करण्याआधी एक नमुना शर्ट मागवा आणि चार-पाच वेळा धुऊन बघा. रंग उतरला तर नाव तुमचंच खराब होतं.

आणि कर? वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच जात असेल, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन बाजारातून विकायला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. माल परराज्यात पाठवायचा तर नोंदणी लागते.

तेव्हा मैत्रिणींनो, चित्राच्या कोपऱ्यात सही आणि तारीख घाला, मूळ कागद जपून ठेवा, दुकानाशी झालेलं बोलणं लेखी ठेवा. शर्ट जुना होईल, फाटेल, पोतेऱ्याला जाईल. चित्र मात्र नीट सांभाळलंत, तर तुमच्या लेकरांच्या काळातही कमावून देईल.